दोघांपुरतं

पहाटे तीनला नळाचा आवाज आला.
चोर असता तर दबकत आला असता.
हा रॉस्को होता, माझा धाकटा भाऊ,
काल संध्याकाळी बसमधून उतरलेला, अकरा वर्षांनी,
हातात कागदी पिशवी, अंगात दुसऱ्याच कुणाचा सदरा.

"तिथं तीनलाच शेगड्या पेटायच्या, व्हर्डेल.
आठशे माणसं. झोप कुठली."
मी दिवा लावला. तो फ्रीजसमोर उभा.
"उघडू का?"
मला आधी कळलंच नाही, कुणाला विचारतोय.

कण्या तू शिजव, मी म्हटलं, बिस्किटं माझ्याकडे.
अलाबामाच्या या तांबड्या मातीत
ज्याला मक्याच्या कण्या शिजवता येत नाहीत
तो पाहुणा तरी असतो, नाहीतर आजारी.

मी मैद्यात गार लोणी चुरलं,
मधोमध आळं करून ताक ओतलं.
हे पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं,
रुसलेल्या पोराला जवळ घ्यावं तसं, फार न दाबता.
घडी, थापणं, पुन्हा घडी.
मग जॅमच्या रिकाम्या ग्लासाने सरळ खाली कापायचं.
ग्लास पिळायचा नाही. पिळला की कडा मिटतात
आणि बिस्किट फुगत नाही.
हे आईनं मला हातावर चापट मारून शिकवलं
तेव्हा रॉस्को टेबलाखाली कच्चं पीठ खात बसलेला.

सॉसेज कापायला मी त्याला सुरी दिली.
त्यानं ती उलटीपालटी केली,
मुठीच्या टोकाशी काहीतरी चाचपलं.
"साखळी," म्हणाला. "तिथं सुरी टेबलाला बांधलेली असायची."
मग सुरी घेऊन खिडकीपर्यंत चालत गेला,
परत आला,
आणि कापायला लागला.

बिडाच्या तव्यात सॉसेज तडतडलं,
सुटलेल्या चरबीत मी मैदा परतला, दूध घातलं,
मिरपूड जरा जास्तच.
पांढरा रस्सा दाटत आला तेव्हा मागे वळून पाहिलं,
तर पाच पौंडांची पिशवी रिकामी, घडी घालून ठेवलेली,
आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं रटरटतंय,
काठापर्यंत, काठाच्या वर.
मी दुसरं पातेलं आणलं. मग लोणच्याच्या बरण्या उकळायचं तिसरं.
"रॉस्को, किती जणांचं केलंस?"
त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं.
"दोघांचं माप
हाताला येत नाही गं."

आधी मी हसले. त्याला वेळ लागला.

जेवला चार मिनिटांत, ताटाभोवती हाताचं कुंपण घालून,
आणि उठून उभा राहिला, ताट कुठे द्यायचं ते बघत.
बस, म्हटलं.
दुसरं बिस्किट उकललं, वाफ निघाली,
वर ज्वारीच्या धाटांची काकवी, आमच्या मामाच्या घाण्याची.
हे त्यानं सावकाश खाल्लं.
शेवटी बोट चाटलं आणि चोरून माझ्याकडे पाहिलं,
नऊ वर्षांचा असताना पाहायचा तसं.

सात वाजता आम्ही वाट्या भरून निघालो.
हॅटी प्रुइटनं त्याला दारातच मिठी मारली, कण्या सांडल्या.
डीकन अँब्रोजनं "ये बाबा" म्हटलं, पण दार अर्धंच उघडलं.
गेन्सच्या घराचा पडदा हलला नुसता.
त्यांच्या पायरीवर रॉस्कोनं वाटी ठेवली,
वरचं झाकण नीट केलं, आणि दोन्ही हात
दिसतील असे ठेवून मागे आला.

आज चौथा दिवस. उरलेल्या कण्या थिजल्यात,
वड्या कापून बेकनच्या चरबीत तळतोय आम्ही,
कडा कुरकुरीत, आत मऊ, कंटाळा आला तरी छान.
आज त्यानं एक कप भरून घेतला, बराच वेळ पाहिला,
अर्धा पिशवीत परत ओतला. नवीन पिशवी आहे.

निळ्या काठाची ती वाटी अजून आलेली नाही.
रिकामी आली तरी चालेल.